सूर्य, पंप आणि विहीर

हिवाळ्याच्या दिवसांत, गहू, हरभरा व कांदा यांस पाणी देण्याचा हंगाम सुरू झाला म्हणजे, आमच्या वर्गांतून पहिल्या दोन तासांस डोळे मिटणारे काही विद्यार्थी हटकून दिसू लागतात. पूर्वी आम्ही त्यांस आळशी समजून बाकावर उभे करीत असू. पुढे एकदा त्यांतील एकास जवळ बोलावून चौकशी केली, तेव्हा कळले की त्याच्या शिवारात त्या आठवड्यात वीज रात्रीची होती. बापलेक दोघेही रात्री अकरा वाजता बॅटरी व काठी घेऊन मळ्यात गेले होते, आणि एक बारे धरीत असता दुसऱ्याने वाफे मोडावे, असे करता करता पहाट झाली होती. त्या दिवसापासून आम्ही कोणासही त्या कारणाने बाकावर उभे केले नाही. परंतु आम्ही शिक्षा थांबविली म्हणून त्या मुलाची झोप त्यास परत मिळाली असे नाही.

हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या विद्यार्थ्यांच्या गावोगाव शेतात सौर पॅनेल उभे राहू लागले आहेत. लोक त्यांस 'सोलरच्या प्लेटा' म्हणतात. पालक सभेच्या दिवशी आम्हांस त्यांविषयी विचारतात: घ्यावे की न घ्यावे? खर्च खरोखर वाचतो काय? आम्ही शेतकी खात्याचे अधिकारी नव्हे, व पॅनेल विकणारेही नव्हे. तथापि विचारणाऱ्यास उत्तर देणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि आमच्या मते या प्रश्नाचे जे उत्तर सर्वत्र दिले जाते ते अर्धेच आहे.

प्रथम थोडे मागे पाहावे. आमच्या विद्यार्थ्यांच्या पणजोबांच्या काळी विहिरीवर मोट होती. दोन बैल उताराने खाली जात, चामड्याची वा लोखंडी मोट वर येई आणि थारोळ्यात पाणी पडे. बैल थकले की मोट सुटे. बैल दाणावैरण खात असता व रात्री विश्रांती घेत असता विहिरीचे झरे आपले काम करीत, व सकाळी पाणी पुन्हा चढलेले असे. नंतर तेलाचे इंजिन आले. ते थकत नसे, पण तेल विकत घ्यावे लागे, म्हणून मालक हात राखून वापरी. नंतर विजेची मोटार आली. महाराष्ट्रातील जलविद्युत् 1915 साली खोपोलीस निर्माण होऊ लागली, ती मुंबईच्या गिरण्यांकरिता. खेड्यातील विहिरीपर्यंत वीज पोहोचण्यास त्यानंतर पुष्कळ वर्षे लोटली. आता सौर पंप आला आहे. यास बैल नको, तेल नको, तारही नको. हा प्रवास पाहिला असता एक गोष्ट ध्यानात येते: प्रत्येक पायरीस पाणी उपसण्याचे श्रम कमी झाले, आणि प्रत्येक पायरीस विहिरीची विश्रांतीही कमी झाली. ही गोष्ट वाचकांनी मनात धरून ठेवावी; तिजकडे आम्ही पुढे येणार आहोत.

ज्या काचेच्या तक्त्यांवर ऊन पडले असता वीज उत्पन्न होते त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व बेकेरेल नामक फ्रेंच तरुणाने 1839 साली पाहिले. तेव्हा त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या व त्याच्या वयातील अंतर मोजावे. परंतु उपयोगी पडेल असा सिलिकनचा घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1954 साली तयार झाला, आणि तोही आपल्यावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे शेकडा सहा भागच विजेत पालटू शके. आज बाजारात मिळणारी पॅनेल सामान्यतः शेकडा वीस भागांच्या आसपास काम करतात. आपल्याकडील उन्हात एक किलोवॉट पॅनेल सरासरीने दिवसास चार युनिट वीज देते असे ढोबळ मानाने धरण्यास हरकत नाही. एक विलक्षण गोष्ट अशी की पॅनेलास ऊन हवे असते, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर तापमान गेले म्हणजे प्रत्येक अंशास वीज शेकडा तिसऱ्या ते चौथ्या दशांशाने घटते. म्हणून मे महिन्यातील रखरखीत दुपारपेक्षा थंडीतील स्वच्छ दुपारी पॅनेल अधिक जोमाने काम करतात, आणि रब्बीचे पाणी द्यावयाचे तेही नेमके तेव्हाच. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच लाभ आहे.

आता खर्चाचा हिशेब. येथे आमच्या पालकांचे दोन वर्ग पाडले पाहिजेत, कारण दोघांचा हिशेब एक नाही.

ज्यांच्या शेतापर्यंत वीज गेलेली नाही व जे डिझेलचे इंजिन चालवितात त्यांचा विचार आधी करू. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासास सुमारे एक लिटर डिझेल खाते. वर्षात तीनशे तास पाणी दिले तर तीनशे लिटर झाले. लिटरास नव्वद रुपये धरले तरी सत्तावीस हजार रुपये धुरात गेले. त्यात ऑइल, दुरुस्ती व तालुक्याच्या गावाहून कॅन वाहून आणण्याचे हेलपाटे धरलेले नाहीत. अशा कुटुंबास सौर पंप म्हणजे मुलीच्या शिक्षणाची फी होय. केंद्र सरकारने 2019 साली पीएम-कुसुम योजना आरंभिली, व महाराष्ट्र सरकारने 2024 साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना सुरू केली. हिच्यात शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने विसावा हिस्सा, आणि बाकीचा भार सरकारने वाहावयाचा अशी व्यवस्था आहे. पहिली पाच वर्षे दुरुस्तीची हमीही आहे. या वर्गातील पालकांस आमचे उत्तर सरळ आहे: अवश्य घ्यावे, व विलंब करू नये.

दुसरा वर्ग विजेची मोटार असणाऱ्यांचा. यांस कोणी 'तुमचे बिल वाचेल' असे सांगत असेल तर त्याने महाराष्ट्राची वार्ता ऐकलेली दिसत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस 2024 सालच्या एप्रिलपासून पाच वर्षांकरिता मोफत वीज देण्याचे सरकारने ठरविले. मग जे बिल येतच नाही ते वाचणार कसे? परंतु वीज मोफत झाली म्हणून ती वेळेवर आली असे नव्हे. अद्याप पुष्कळ ठिकाणी शेतीची वीज पाळीपाळीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, अशी सोडली जाते. दाब कमी पडला की मोटार जळते, ती भरून आणण्यास हजारो रुपये लागतात, डी.पी. जळाली तर वर्गणी काढून, विनवण्या करून, आठवडे वाट पाहावी लागते, आणि तोवर उभे पीक माना टाकते. रात्री बांधावर साप असतो. जुन्नरच्या बाजूस उसात बिबट्या असतो, हे तेथून येणाऱ्या पाहुण्यांस विचारावे. या सर्वांचा आकडा कोणत्याही बिलावर छापलेला नसतो. म्हणून या वर्गास सौर विजेचा लाभ होतो तो रुपयांत नव्हे, तर दिवसाच्या पाण्यात. गावच्या सबंध शेतीवाहिनीसच सौर वीज पुरविण्याची जी योजना राज्यात 2017 पासून चालू आहे तिचाही हेतू हाच आहे. आणि तिच्यामुळे जर एकाही गावची मुले रात्री घरी झोपू लागली तर आम्ही तिचे ऋणी आहोत. (त्या योजनेकरिता गायरान दिले जाते तेव्हा ज्यांच्याजवळ दोन शेळ्यांवाचून दुसरी इस्टेट नाही त्यांनी त्या कोठे चाराव्या, हा प्रश्न ग्रामसभेत विचारणारा कोणी तरी असावा, एवढे मात्र सांगून ठेवतो.)

येथवर आम्ही सौर पंपाची बाजू मांडली. आता दुसरा अर्धा भाग.

सौर पंपाची शक्ती शेतकऱ्याच्या जमिनीवरून ठरते. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्याहून अधिक असल्यास साडेसात. विहिरीत पाणी किती आहे, शेजारच्या विहिरी किती अंतरावर आहेत, मे महिन्यात गावास टँकर लागतो की नाही, यांपैकी कशावरूनही अश्वशक्ती ठरत नाही. आमच्या मते या व्यवहारातील मोठे वैगुण्य हेच होय. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी पुढील हिशेब स्वतः करून पाहावा. पाच अश्वशक्तीचा सौर पंप पन्नास मीटर खोलीवरून स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ऐंशी हजार लिटर पाणी वर आणू शकतो. वर्षातून दीडशे दिवस तो चालला तर एक कोटी वीस लाख लिटर झाले. आता जमिनीत किती मुरते ते पाहू. आमच्या अवर्षणी तालुक्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटर धरला, तर दख्खनच्या काळ्या पाषाणात त्याचा सुमारे दहावा हिस्सा मुरतो. म्हणजे पन्नास मिलिमीटर, जेमतेम दोन इंच. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे एक लाख लिटर. तेव्हा एका एकराने वर्षभरात भूमीच्या पोटात जमा केलेली ठेव दोन लाख लिटरांची झाली. एक कोटी वीस लाखांस दोन लाखांनी भागावे. उत्तर साठ येते.

अर्थ असा की हा एक पंप पूर्ण दमाने चालविला तर तो साठ एकरांवर मुरलेले पाणी एकटा ओढू शकतो, आणि ज्याच्या शेतात तो उभा आहे त्याची जमीन पाच एकरांची आहे. उरलेल्या पंचावन्न एकरांचे मालक कोण? त्यांच्याही विहिरी आहेत, व त्यांच्याही दारी उद्या असाच पंप येणार आहे. शेतास दिलेल्या पाण्याचा काही भाग परत मुरतो हे खरे, आणि विहीर आधीच तळास गेली तर पंप कोरडा पडून आपोआप थांबतो हेही खरे. परंतु विहीर तळास जाऊन थांबणे यास काटकसर म्हणत नाहीत.

कोणी म्हणेल, सौर पंप सूर्य मावळताच बंद पडतो, तेव्हा रात्री विहिरीस विश्रांती मिळतेच की! हा आक्षेप योग्य आहे, आणि या एका गुणाने सौर पंप विजेच्या मोटारीपेक्षा मोटेच्या अधिक जवळचा आहे असे आम्हांसही वाटते. परंतु मोटेचे बैल पाणी उपसताना थकत, व त्यांचा मालकही थकत असे. म्हणून निकड नसता कोणी मोट हाकीत नसे. सौर पंपाची कळ दाबणारा थकत नाही आणि त्याचे पैसेही खर्च होत नाहीत. गरज नसली तरी पंप चालू ठेवण्यास त्यास कोणताही अडथळा उरलेला नाही. विहिरीचे पाणी उपसून प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे भरावे व ते उन्हात वाफ होऊ द्यावे, हा प्रकार आम्ही पाहिला आहे. पावसाचे पाणी साठविण्यास जे तळे खणले ते भूगर्भातील पाणी आपल्या नावे करून घेण्याचे साधन झाले. तसे करणारा मनुष्य दुष्ट असतो असे आम्ही म्हणत नाही. आपण न उपसले तर शेजारी उपसेल, या भीतीने तो उपसतो. शेजारीही त्याच भीतीने उपसतो.

पवित्र शास्त्राच्या तासास इसहाकाच्या विहिरींची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी ऐकली आहे. त्याच्या चाकरांनी विहीर खणावी, गरारच्या गुराख्यांनी पाण्यावर हक्क सांगून भांडावे, आणि इसहाकाने ती सोडून पुढे जाऊन दुसरी खणावी, असे दोनदा झाले. तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडले नाही. इसहाकाजवळ पुढे जाण्यास मोकळा प्रदेश होता. आमच्या गावी बांधास बांध लागलेला आहे. पुढे जाण्यास जागा नाही, खोल जाण्यास मात्र आहे, आणि दोनशे फुटांची बोअर आटली की चारशे फुटांची घेण्यात पुष्कळांची पुंजी बुडाली आहे.

मग उपाय काय? तो नवा शोधण्याची गरज नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायतीचे काम उभे केले. तिचा नियम असा की पाण्याचा वाटा जमिनीवरून नव्हे तर घरातील माणसांवरून ठरावा: माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, एका कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांचे. ऊस लावावयाचा नाही. ज्यास जमीन नाही त्यासही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जात नाही. सरकारी कोष्टकात जमिनीवरून पंप ठरतो व पाणी पंचायतीत माणसांवरून पाणी ठरते. या दोन वाक्यांतील अंतर आमच्या विद्यार्थ्यांनी शांतपणे विचारात घ्यावे. आमच्या जवळचेच उदाहरण हवे असल्यास हिवरे बाजार आहे. तेथे शेतीकरिता बोअर घेण्यास बंदी आहे, आणि पावसाळा संपला की गाव एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद मांडतो व कोणते पीक घ्यावयाचे ते त्यावरून ठरवितो. पाऊस कमी झाला तर पीक बदलते. हे गाव काही नदीकाठी वसलेले नाही. तेही आमच्यासारखेच पर्जन्यछायेतील आहे.

दुसरा उपाय गुजरातेत पाहावयास मिळाला. खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावच्या सहा शेतकऱ्यांनी 2016 साली सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. त्यांनी आपले पंप विजेच्या तारांस जोडून घेतले, आणि पाण्याची गरज नसेल तेव्हा उत्पन्न होणारी वीज वीजकंपनीस 4.63 रुपये युनिट या दराने विकू लागले. या युक्तीतील मर्म असे की पंप बंद ठेवण्यासही त्यामुळे किंमत आली. आमच्याकडे पॅनेल वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस नुसती ऊन खात उभी राहतात. ती वीज विकण्याची सोय गावोगाव झाली तर शेतकरी पाणी देण्यापूर्वी एकदा मनाशी हिशेब करील. ती सोय होईपर्यंत कडबाकुट्टी, पिठाची लहान चक्की असली यंत्रे त्या पॅनेलवर चालविण्याकरिता वेगळा नियंत्रक मिळतो, त्याची चौकशी करावी. गिरणीचा हेलपाटा वाचलेली घरची मंडळी आम्हांस दुवा देतील.

तेव्हा पालकांस आमचे सांगणे असे की, पंपाचा अर्ज भरण्याच्या दिवशीच दुसरेही दोन अर्ज मनात भरावे. एक ठिबकचा, कारण दिवसा येणारे संथ पाणी ठिबकास फार मानवते. दुसरा शेजाऱ्यांशी बोलण्याचा. एका ओढ्यावरच्या पाच विहिरींच्या मालकांनी पारावर बसून, कोणी किती दिवस पंप चालवावा व ऊस लावावा की नाही, एवढे जरी ठरविले तरी पुष्कळ झाले. हे बोलणे पंप येण्यापूर्वी सोपे असते. पंप आल्यावर ते कोर्टात जाते.

व्यवहाराच्याही काही गोष्टी येथेच सांगून टाकतो. पॅनेलाचे तोंड दक्षिणेस असावे व ती जराशी कलती असावी. धूळ साचली की वीज घटते, म्हणून आठवड्यातून एकदा सकाळी ती साध्या पाण्याने पुसावी; भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. एका फांदीची सावली एका पॅनेलावर पडली तरी तिच्याशी एका ओळीत जोडलेल्या साऱ्यांची वीज कमी होते. यावरून कोणी बांधावरील आंबा तोडावयास निघेल, म्हणून सांगतो की जागा पंधरा पावले सरकविणे सोपे आहे, आंबा सरकविता येत नाही. केबल चोरीस जाते. ती जमिनीत पुरून घ्यावी. गारपीट व चोरी यांकरिता विमा आहे, त्याचे कागद पेटीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावे.

आणि विद्यार्थ्यांस एक काम. या उन्हाळ्याच्या सुटीत ज्याच्या घरी विहीर आहे त्याने, व नसेल त्याने शेजाऱ्यास विचारून, एका लांब दोरास दगड बांधावा, हातभर अंतरावर गाठी माराव्या, आणि विहिरीच्या काठापासून पाणी किती खोल आहे ते मे महिन्याच्या पहिल्या व शेवटच्या रविवारी मोजून वहीत लिहावे. मोजताना घरचे वडील माणूस बरोबर असल्याखेरीज काठावर जाऊ नये. हेच माप पुन्हा दिवाळीच्या सुटीत घ्यावे. भूगोलाच्या वर्गात भिंतीवर आलेखाचा मोठा कागद लावण्यात येईल. त्यावर प्रत्येक गावाची एक रेघ असेल. सौर पंप ज्या विहिरीवर आहे तिची रेघ लाल शाईने काढावी.